मासेमारीचं जगप्रसिद्ध पुस्तक लिहिणारा कापडवाला आणि घोड्याच्या शेपटीचे केस

वसई-दिवा रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोडच्या मध्ये खारबाव नावाचं स्टेशन लागतं. खाडीपट्ट्यातलं गाव. अशा गावांत गळ टाकून बसलेला माणूस दिसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. त्याच्या हातात असतो तो तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा. बाजारात जायचं, रीळ घ्यायचं, गळ बांधायचा, झालं काम.

पण नायलॉन आलं ते १९३० च्या दशकाच्या शेवटी. मग त्याआधी, माशाला दिसणार नाही आणि ओढ बसली तरी तुटणार नाही असा धागा लोक कशाचा करत होते?

इंग्लंडमध्ये याचं उत्तर होतं, घोड्याच्या शेपटीचे केस. आणि हे केस कसे निवडायचे, कसे पिळायचे, कसे रंगवायचे हे ज्याच्या पुस्तकामुळे घराघरात पोचलं तो माणूस ना कोळी होता, ना जमीनदार. तो लंडनमधला कापडाचा व्यापारी होता. नाव आयझॅक वॉल्टन.

वॉल्टनचा जन्म १५९३ सालचा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावचा. तो जेमतेम तीन वर्षांचा असताना वडील वारले. पुढे पोरगा लंडनला नातेवाइकाकडे कापडाचा धंदा शिकायला गेला. १६१८ मध्ये त्याला व्यापाऱ्यांच्या संघाचं सभासदत्व मिळालं आणि फ्लीट स्ट्रीट भागात त्याने स्वतःचा जम बसवला. भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको, कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सुताचा पीळ आणि ताकद बोटांनीच कळते. वॉल्टनला ही नजर पुढे नदीकाठी उपयोगी पडली असणार.

जवळच्याच चर्चमध्ये प्रसिद्ध कवी जॉन डन धर्मगुरू होते. त्यांच्याशी वॉल्टनची मैत्री जमली. फारसं शिक्षण नसलेला हा दुकानदार विद्वानांच्या बैठकीत वावरू लागला. डन गेल्यावर त्यांचं चरित्र वॉल्टननेच लिहिलं, ते १६४० मध्ये छापून आलं.

बाहेरून सगळं छान दिसत होतं. घरात मात्र वेगळंच चाललं होतं. १६२६ मध्ये त्याचं रेचलशी लग्न झालं. तिच्यापासून झालेली सगळी मुलं एकेक करून लहानपणीच गेली. १६४० मध्ये रेचलही गेली. त्यानंतर दोनच वर्षांत देशात राजा विरुद्ध संसद असं यादवी युद्ध पेटलं. वॉल्टन राजाच्या बाजूचा. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा भर लंडनमध्ये शिरच्छेद झाला.

१६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपुत्राचा पराभव झाला. पळापळीत त्याचं एक मौल्यवान रत्नचिन्ह मागे राहिलं. ते लपवून स्टॅफर्डहून लंडनला पोचवण्याची जोखीम ज्यांनी उचलली, त्यांत वॉल्टन होता. तेव्हा त्याचं वय ५८. पकडला गेला असता तर काय झालं असतं, हे सांगायची गरज नाही.

आणि यानंतर दोन वर्षांनी, १६५३ मध्ये, या माणसाने काय लिहिलं? युद्ध नाही, राजकारण नाही. त्याने मासे पकडण्यावर पुस्तक लिहिलं. नाव ‘द कम्प्लीट अँग्लर’. रस्त्यात भेटलेल्या वाटसरूला एक गळवाला आपला छंद शिकवतो, असं गप्पांचं ते पुस्तक.

आता मुद्द्याची गोष्ट, केसांची. वॉल्टनच्या मते केस गोल, एकसारखा आणि काचेसारखा पारदर्शक झाक असलेला हवा. असा एक चांगला केस खडबडीत तीन केसांइतकं काम करतो. सगळे केस एका जाडीचे निवडायचे, म्हणजे ताण सगळ्यांवर सारखा येतो. पिळून झाले की किमान पाव तास पाण्यात ठेवायचे, पुन्हा पिळायचे आणि मगच तुकडे एकमेकांना गाठी मारून दोर करायचा. का? कारण केस भिजल्यावर आखडतो. ही काळजी घेतली नाही तर एखादा केस आखूड होतो, सगळा भार त्याच्यावर पडतो आणि मासा दोर तोडून जातो.

रंगासाठी कडक बिअर, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी उकळायची. त्यात केस हिरवट होतात आणि पाण्यात उठून दिसत नाहीत. ही युक्ती तशी जुनी. १४९६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकातही पांढऱ्या घोड्याचे केस ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या रंगांत रंगवायला सांगितलं आहे.

आपल्याकडेही हा विषय दुर्लक्षित नव्हता बरं का. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातच ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं.

वॉल्टनच्या काळात साध्या मासेमारीत रीळ नसे. दोर थेट काठीच्या टोकाला बांधलेला. मोठा मासा लागला आणि दोर तुटेल असं वाटलं तर काठीच पाण्यात सोडून द्यायची, मासा दमला की उचलायची.

पिसं, लोकर आणि रेशीम गळावर बांधून केलेली खोटी माशी, म्हणजे फ्लाय, ही मात्र वॉल्टनची खरी ताकद नव्हती. त्यातलं बरंचसं त्याने इतरांकडून घेतलं. मग १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत त्याने आपला तरुण मित्र चार्ल्स कॉटन याच्याकडून माशीवर वेगळा भाग लिहून घेतला. कॉटनचा दोर निमुळता असे. काठीकडे जास्त केस, आणि गळाजवळ फक्त दोन. दोन केसांवर वीस इंची ट्राउट काढता आला पाहिजे, हा त्याचा हिशोब. आजही फ्लायचा दोर गळाकडे निमुळता होत जातो.

वॉल्टनची दुसरी बायको अ‍ॅन १६६२ मध्ये गेली. तो स्वतः नव्वद वर्षं जगला. १६८३ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, विंचेस्टरला त्याचा मृत्यू झाला आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं. त्याच्या पुस्तकाच्या तेव्हापासून आजवर शेकडो आवृत्त्या निघाल्या.

मरण्याआधी काही महिने त्याने मृत्युपत्र केलं. त्यात स्टॅफर्डच्या गरिबांना कोळसा वाटण्याची सोय होती. कधी वाटायचा तेही लिहिलं होतं. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात, कारण गरिबाला थंडीचे तेच दिवस सगळ्यात जड जातात, हे त्याला माहीत होतं.

घोड्याच्या केसांची जागा पुढे रेशीमकिड्यापासून काढलेल्या तंतूने घेतली आणि नंतर तंगूसाने. आता केस पिळायची गरज उरली नाही. पण गळ टाकून तासन् तास गप्प बसणं खारबावच्या खाडीकाठीही तेच आहे, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढं सगळं गमावलेल्या त्या कापडवाल्याला नदीकाठी बसावंसं का वाटलं असेल, हे तिथे बसणाऱ्याला लगेच कळेल.