बासोथो राष्ट्राचा संस्थापक मोश्वेश्वे राजा

दक्षिण आफ्रिका ह्या विस्तीर्ण देशानें चोहोंकडून वेढलेलें लेसोथो नांवाचें एक लहानसें डोंगरी राज्य आहे. तें आजहि स्वतंत्र आहे, ह्याचें श्रेय मुख्यतः मोश्वेश्वे राजाच्या शहाणपणास द्यावें लागतें.

तो सुमारें १७८६ सालीं एका खेड्याच्या नायकाच्या पोटीं जन्मला. त्याच्या तारुण्यांत लढाया व दुष्काळ ह्यांनीं तो प्रांत उजाड झाला. १८२४ सालीं, ज्याचे कडे ताठ पण माथा सपाट आहे अशा ताबा बोसिऊ नामक डोंगरावर तो आपल्या लोकांसह राहावयास गेला. वाटेंत त्याच्या वृद्ध आज्यास नरभक्षकांनीं मारून खाल्लें. पुढें ते लोक त्याच्या हातीं आले असतां त्यानें सूड न घेतां त्यांस आपल्या प्रजेंत सामील केलें, असें सांगतात. अशा विखुरलेल्या, निराश्रित लोकांचें त्यानें एक राष्ट्र बनविलें.

हें राज्य कोंवळें होतें आणि शेजारी बलाढ्य होते. झुलू राजा शाका ह्यास तो नजराणा पाठवीत असे. १८३१ सालीं मझिलिकाझीचें सैन्य त्याच्या डोंगरावर चालून आलें व मार खाऊन फिरलें. तेव्हां त्या उपाशी सैन्यास खावयास मोश्वेश्वेनें गुरें पाठविलीं. तें सैन्य पुन्हां त्याच्यावर चालून आलें नाहीं.

१८३३ सालीं पॅरिसच्या मिशनचे काझालिस, आर्बूसे व गोसलिन हे तिघे त्याच्या देशांत आले. राजानें त्यांस मोरिजा येथें जागा दिली. पुढें काझालिस साहेब राजाचीं पत्रें इंग्रज अधिकाऱ्यांस लिहून देत. गोऱ्यांशीं व्यवहार कसा करावा हें राजा त्यांजपासून शिकला, पण निर्णय मात्र तो स्वतः करी.

इतक्यांत डच वंशाचे बोअर शेतकरी कॅलेडन नदीच्या सुपीक खोऱ्यांत शिरूं लागले. १८४३ सालीं राजानें केपच्या इंग्रज गव्हर्नराशीं तह केला. परंतु मित्र म्हणविणारे इंग्रजच १८५२ सालीं ३ दिवसांत १०,००० गुरें व १,००० घोडे दंड मागून सैन्यासह चालून आले. २० डिसेंबर रोजीं बासोथो स्वारांनीं त्यांस थोपविलें. त्याच रात्रीं राजानें, जयाचा गर्व न करितां, नम्र पत्र पाठवून शांतता मागितली. सेनापति कॅथकार्ट ह्याची अब्रू राहिली व तो निघून गेला.

१८५४ सालीं इंग्रजांनीं शेजारचा मुलूख सोडिला व तेथें ऑरेंज फ्री स्टेट हें बोअरांचें राज्य झालें. १८५८ सालीं राजानें त्यांस परतविलें. पण १८६५ पासूनच्या लढाईंत पिकें जळालीं, लोक उपाशी पडले, आणि १८६६ च्या तहानें उत्तम जमीन गेली. तेव्हां वृद्ध राजानें ओळखिलें कीं, दोघां बलवानांपैकीं एकाचा आश्रय घेतल्यावांचून राष्ट्र उरणार नाहीं. त्यानें इंग्रजांकडे विनंति केली, आणि १२ मार्च १८६८ रोजीं गव्हर्नर वुडहाउस ह्यानें त्याचा देश इंग्रजी अंमलाखालीं घेतला. किंमत मोठी पडली: कॅलेडनच्या पश्चिमेकडील जमीन कायमची गेली व स्वतंत्र सत्ताहि गेली. पण उरलेल्या भूमीवर प्रजा टिकून राहिली.

राजाचा बाप्तिस्मा ठरला होता. परंतु तो होण्यापूर्वींच ११ मार्च १८७० रोजीं राजा मरण पावला. १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेचा संघ बनला, तेव्हां त्याचा देश त्यांत सामील झाला नाहीं. ४ ऑक्टोबर १९६६ रोजीं तो स्वतंत्र झाला.

वाचकहो, दुर्बळानें जय मिळाला तरी तहाचें दार उघडें ठेवावें, आणि बलवानाचा आश्रय घेतांना त्याची किंमत आधीं मोजून पाहावी, हा धडा ह्या चरित्रांत आहे.