माहीमचे मखदूम : हजरत फकीह अली माहिमी (रह.)



मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळून महंमद अली रोडवर धावणारा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल आपल्यापैकी पुष्कळांनी ओलांडला असेल. २००२ साली तो वाहतुकीस खुला झाला. लोक त्याला जे. जे. पूल म्हणतात, पण त्याचे खरे नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल असे आहे. डिसेंबरात माहीमच्या दर्ग्यात या बुजुर्गांचा दहा दिवस उरूस भरतो आणि पहिली चादर मुंबईचे पोलीस वाजतगाजत आणतात, हेही आपण ऐकले असेल. परंतु ज्यांच्या नावाने हे सारे चालते ते गृहस्थ मुळात ग्रंथकार होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हरसूलच्या मुलांना ते ठाऊक व्हावे, एवढ्यासाठी हा लेख.

हजरतांचा जन्म हिजरी ७७६ मधला, असे परंपरा सांगते. पुष्कळ छापील पत्रकांत इसवी सन १३७२ दिलेले असते. विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून पाहावा. हिजरी ७७६ म्हणजे १३७४-७५ येते. घराणे नवाइत, म्हणजे अरबस्तानातून येऊन कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्यांपैकी. वडिलांचे नाव शेख अहमद, आईचे फातिमा. आई नाखुद्याची, म्हणजे जहाजाच्या मालकाची लेक. वडील मुलाच्या लहानपणीच गेले आणि पुढचे सारे आईवर आले.

या आई-मुलाची एक गोष्ट घरोघर सांगितली जाते. रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला तो आईला झोप लागलेली. तिला उठवणे त्याच्या जिवावर आले आणि पेला ठेवून झोपणेही. पहाटे आईने डोळे उघडले तेव्हा तो तसाच उशाशी उभा होता. दुसरी गोष्टही अशीच. मुलाला इल्म शिकायला परदेशी जायचे होते आणि आईला त्याचा वियोग सोसवत नव्हता. तेव्हा खुद्द हजरत खिज्र समुद्रकाठी येऊन त्याला शिकवू लागले, असे सांगतात. श्रद्धाळूंनी ती गोष्ट तशीच घ्यावी. मला मात्र तिच्यात त्या माउलीची ओढाताण दिसते. मुलाला मोठ्या शिक्षणासाठी नाशिकला धाडताना आपल्या घरांत जी ओढाताण होते, ती याहून वेगळी नाही. मुलीच्या बाबतीत तर ती दुप्पट होते आणि बहुधा मुलीच्या विरुद्धच तिचा निकाल लागतो. म्हणून इथे एक आठवण द्यावीशी वाटते. चौदाव्या शतकाच्या मध्याला इब्न बतूता हा प्रवासी याच किनाऱ्याने खाली होनावरला गेला होता. तिथल्या स्त्रियांना कुरआन मुखोद्गत असल्याचे आणि गावात मुलींचे तेरा व मुलांचे तेवीस मदरसे असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. हजरतांचा जन्म त्यानंतर काही दशकांनी झाला.

त्या काळचे माहीम आजच्यासारखे शहराच्या पोटात नव्हते. ते खाडीकाठचे बेट होते आणि गुजरातच्या सुलतानांचे दक्षिणेकडचे ठाणे होते. सुलतान अहमदशहाच्या कारकिर्दीत हजरत माहीमचे काझी होते, असे सांगतात. फकीह ही त्यांची उपाधी. धर्मशास्त्राचा जाणकार असा तिचा अर्थ. कोकणातले मुसलमान शाफई, घाटावरचे आपण बहुतेक हनफी. हजरतही शाफई होते. त्यांच्या अखेरच्या वर्षांत, १४३० च्या सुमारास, बहमनी सैन्याने माहीम घेतले आणि गुजरातच्या आरमाराने ते परत मिळवले. लिहिणाऱ्याच्या दाराशी लढाई आली होती.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. त्यांची अरबी तफसीर, ‘तबसीरुर्रहमान व तैसीरुल मन्नान’, लोकांत ‘तफसीरे रहमानी’ म्हणून ओळखली जाते. कुरआन शरीफ सुमारे तेवीस वर्षांत प्रसंगाप्रसंगाने उतरले. वाचताना एक विषय संपून एकदम दुसरा सुरू झाल्यासारखा वाटतो. पुष्कळ भाष्यकार आयतींचा अर्थ सुटा सुटा सांगून पुढे जातात. हजरतांनी प्रत्येक आयत मागच्या आयतीला कशी जोडली आहे, ते दाखवायचे ठरवले. माळेचे मणी सर्वांनाच दिसतात. त्यांनी दोरा दाखवला. त्यांची आणखी एक खुबी ऐका. ११४ सूरांपैकी एक सोडून बाकी सर्व सूरा बिस्मिल्लाहने सुरू होतात. शब्द तेच. पण हजरतांनी दर ठिकाणी बिस्मिल्लाहचा खुलासा त्या त्या सूरेच्या विषयाला धरून निराळा केला. पाठांतर हे शिक्षणाचे पहिले पाऊल खरे. पण जे तोंडपाठ झाले त्याचाच पुन्हा पुन्हा विचार करणारा माणूस असा असतो.

दुसरे काम अधिक धाडसाचे. इब्न अरबींच्या ‘फुसूसुल हिकम’ या ग्रंथावरून उलेमांत तीव्र मतभेद होते आणि अजून आहेत. हजरतांनी त्यावर भाष्य लिहिले, आणि तेही इब्न अरबींची बाजू घेऊन. शरीयतच्या हुकुमांमागची कारणे उलगडणारा ग्रंथही त्यांनी लिहिला. या विषयावर दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, पण ते अठराव्या शतकातले. माहीमचा हा काझी त्यांच्या तीनशे वर्षे आधीचा.

हजरतांचा इंतकाल हिजरी ८३५ मध्ये, म्हणजे इसवी सन १४३१-३२ मध्ये झाला. पुढे १५३४ साली माहीम पोर्तुगिजांकडे गेले आणि नंतर इंग्रजांकडे. कबर राहिली. दर्ग्याची डागडुजी १६७४ साली झाली. १७४८ साली त्याला पडव्या जोडल्या. ग्रंथही राहिले. आपल्या खुलताबादेत ज्यांची कबर आहे त्या आझाद बिलग्रामींनी अठराव्या शतकात हिंदुस्थानच्या आलिमांचा अरबी चरित्रग्रंथ लिहिला, त्यात हजरतांना स्थान दिले. आणि हिजरी १२९५ मध्ये, म्हणजे १८७८ च्या सुमारास, ती तफसीर कैरोजवळच्या बूलाकच्या छापखान्यात दोन खंडांत छापली गेली. ज्यांची मातृभाषा अरबी, त्यांच्या मुलखात माहीमकराचे पुस्तक छापले गेले.

कधी माहीमला गेलात तर दर्ग्यात हजरतांच्या शेजारची कबर पाहा. ती त्यांच्या आईची आहे.