सर ख्रिस्तोफर कॉकरेल

थोरांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा त्यांच्या विजयाच्या दिवसावर खिळते. त्यापूर्वींचीं वर्षें आपण चटकन् ओलांडून जातों. आज आम्ही ज्यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या त्या आधींच्या वर्षांकडेच आम्हांला विशेष लक्ष वेधावयाचें आहे. हवेच्या गादीवरून पाण्यावर व जमिनीवर सारखेंच धांवणारें हॉव्हरक्राफ्ट ही सर ख्रिस्तोफर कॉकरेल यांची जगाला देणगी होय.

त्यांचा जन्म इंग्लंडांत केंब्रिज येथें ता. ४ जून १९१० रोजीं झाला. वडील सर सिडनी हे तेथील फिट्झविल्यम संग्रहालयाचे प्रमुख; जुनीं हस्तलिखितें व चित्रें गोळा करण्याचा त्यांना मोठा व्यासंग. आईही ग्रंथ सजविणारी कुशल चित्रकार. अशा घरांत मुलाचें मन मात्र यंत्रांत रमे, व वडिलांना त्याचें कौतुक नसे. तथापि मुलानें आपला ओढा सोडला नाहीं. पीटरहाउस कॉलेजांत यंत्रशास्त्र शिकून ते १९३५ सालीं मार्कोनी कंपनींत गेले आणि महायुद्धाच्या काळांत रडारच्या कामीं त्यांनीं मोलाची मदत केली.

पुढें ही नोकरी सोडून त्यांनीं पूर्व इंग्लंडांत नावांचा एक लहानसा धंदा चालविला. प्राप्ति बेताचीच, परंतु तेथें एका प्रश्नानें त्यांच्या मनांत घर केलें. पाणी नावेच्या तळाला घासतें व वेग खुंटतो. तर मग दोहोंमध्यें हवेचा थर घालतां येईल काय? १९५५ सालीं त्यांनीं मांजराच्या खाण्याचा रिकामा डबा कॉफीच्या मोठ्या डब्यांत बसविला, मधल्या फटींतून हवा खालीं सोडली आणि तिचा दाब स्वयंपाकघरांतल्या तराजूवर मोजला. साध्या झोतापेक्षां तो अधिक भरला! कडेनें सुटलेली हवा जणूं पडदा होऊन आंतली हवा कोंडून धरीत होती. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला.

खरी कसोटी पुढेंच होती. विमानें बांधणाऱ्यांना ती नाव वाटे, जहाजें बांधणाऱ्यांना तें विमान वाटे; म्हणून कोणीच हात लावीना. सरकारनें शोध गुप्त ठरविला, पण तो पुढें नेला नाहीं. घरांतील वस्तु विकून प्रयोग चालवावे लागले. पत्नी मार्गारेट यांनीं ह्या ओढगस्तींत पतीची साथ सोडली नाहीं, हें मुलांनीं विसरूं नये.

अखेर १९५८ सालीं सरकारी संशोधन मंडळानें साहाय्य दिलें व साँडर्स-रो कंपनीनें पहिलें वाहन बांधलें. ता. २५ जुलै १९५९ रोजीं तें कॅलेहून डोव्हरला खाडी ओलांडून आलें. वाहनाचा तोल सांभाळण्यासाठीं स्वतः कॉकरेल त्यावर वजनासारखे इकडून तिकडे सरकत होते! १९६९ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. उतारवयांत समुद्राच्या लाटांपासून शक्ति मिळविण्याचा ध्यास त्यांनीं घेतला होता. ता. १ जून १९९९ रोजीं ते निवर्तले.

मोटारींसह खाडी ओलांडणारीं तीं मोठीं वाहनें २००० सालीं थांबलीं. परंतु वाइट बेटाकडे हॉव्हरक्राफ्ट आजही जातें, आणि भारताच्या तटरक्षक दलांतही हॉव्हरक्राफ्ट आहेत. वर्गांत एखाद्या मुलाचें मन भलत्याच वस्तूंत रमलेलें दिसलें, तर आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं रागावण्यापूर्वीं ते दोन रिकामे डबे आठवावे, इतकेंच आमचें मागणें आहे.