छोट्या नद्यांचा मोठा प्रवासी : जॉन मॅकग्रेगर

बीड, प्रतिनिधी :

बालाघाटच्या डोंगररांगांत उगम पावणारी बिंदुसरा असो, सिंदफणा असो की पाटोदा तालुक्यातून निघणारी मांजरा, बीड जिल्ह्यातील या नद्या वर्षातील काही महिनेच भरून वाहतात. उन्हाळ्यात वाळूचे पात्र आणि पावसाळ्यात गढूळ पूर, एवढीच त्यांची ओळख. या पाण्यात माणूस उतरतो तो बहुधा नाइलाज म्हणून. पूल नसलेल्या ठिकाणी शेताकडे वा शाळेकडे जाण्यासाठी कोणी थर्माकोलच्या चप्पूवर बसतो, तर कोणी गुळाच्या काहिलीचीच होडी करतो. दिवसभर वल्हवत नदीतून फिरावे, खळाळातून होडी काढावी आणि सायंकाळी घरी परतावे, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेवर वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यात आता पर्यटक होड्या घालतात. परंतु हा छंद आधुनिक जगात लोकप्रिय करण्याचे श्रेय ज्याच्याकडे जाते, तो जॉन मॅकग्रेगर आपल्या वाचकांना फारसा परिचित नाही. विशेष म्हणजे त्याच्या आयुष्याची पहिली जलयात्रा हिंदुस्थानच्या दिशेने होती आणि ती पूर्ण झालीच नाही.

मॅकग्रेगरचा जन्म 24 जानेवारी 1825 रोजी इंग्लंडमधील ग्रेव्हसेंड येथे झाला. वडील डंकन मॅकग्रेगर हे ब्रिटिश सैन्यातील 31 व्या पलटणीचे अधिकारी होते. ही पलटण ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील केंट या जहाजातून बंगालकडे निघाली, तेव्हा तान्ह्या जॉनला घेऊन त्याची आईही त्याच जहाजावर होती. 1 मार्च 1825 रोजी बिस्केच्या उपसागरात वादळ सुरू असताना तळघरात मद्याचे एक पिंप सुटले आणि तपासणीसाठी नेलेला कंदील खाली पडून जहाजाने पेट घेतला. जहाजावर दारूगोळा होता. आग आटोक्यात ठेवण्यासाठी कप्तानाने खालच्या भागात समुद्राचे पाणी आत घेण्याचा निर्णय घेतला. वर आग आणि खाली पाणी अशा कात्रीत सुमारे 640 जीव सापडले होते. मृत्यू अटळ समजून डंकन यांनी एका चिठ्ठीवर चार ओळी खरडल्या आणि ती बाटलीत बंद केली. सुदैवाने कँब्रिया हे छोटे जहाज मदतीला धावून आले. बायका-मुलांना घेऊन निघालेल्या पहिल्या होडीत पाच आठवड्यांचा जॉन होता. सुमारे 80 जणांना प्राण गमवावे लागले. मॅकग्रेगर कुटुंब मात्र वाचले. पुढे ती बाटली अटलांटिक महासागर ओलांडून बार्बाडोसच्या किनाऱ्याला लागली.

जॉन मोठा झाला तो अभ्यासू आणि धर्मनिष्ठ तरुण म्हणून. डब्लिन आणि केंब्रिज येथे त्याचे शिक्षण झाले. गणितात त्याने चांगले यश मिळविले. 1851 मध्ये तो बॅरिस्टर झाला आणि पेटंटविषयक कायद्यात त्याने प्रावीण्य संपादन केले. मात्र पैसा मिळविणे हे त्याचे ध्येय नव्हते. लंडनच्या गल्लीबोळांत भटकणाऱ्या निराधार मुलांसाठी चालणाऱ्या शाळांच्या कामात त्याने स्वतःला झोकून दिले. 1851 मध्ये लंडनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरले. देशोदेशींचे लोक येणार हे ओळखून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी या मुलांना बूटपॉलिशचे साहित्य व गणवेश देऊन रोजगार मिळवून दिला. पुढे 1870 मध्ये लंडनच्या पहिल्या शाळा मंडळावरही तो निवडून आला.

उत्तर अमेरिकेच्या प्रवासात त्याने तेथील मूळ रहिवाशांच्या हलक्या होड्या पाहिल्या होत्या. त्यावरून 1865 मध्ये त्याने लंडनच्या लॅम्बेथ भागातील कारागिरांकडून स्वतःसाठी एक होडी बांधून घेतली. ओक लाकडाची ही होडी 15 फूट लांब व 28 इंच रुंद होती आणि तिचे वजन सुमारे 36 किलो होते. आपल्या कुळातील प्रसिद्ध बंडखोराच्या नावावरून तिचे नाव त्याने रॉब रॉय ठेवले. नेहमीच्या होडीत वल्हवणाऱ्याची पाठ प्रवासाच्या दिशेला असते. पुढचे खडक त्याला दिसत नाहीत आणि बाजूंना पसरलेली वल्ही अरुंद पात्रात अडकतात. रॉब रॉयमध्ये मात्र माणूस समोर तोंड करून बसे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे हातात धरून आळीपाळीने दोन्ही बाजूंना मारी. त्यामुळे वितभर पाण्यातून, दगडांच्या फटीतूनही वाट काढणे शक्य झाले. ज्या नद्यांना प्रवासाच्या दृष्टीने कोणी किंमत देत नव्हते, त्या एका साध्या युक्तीने खुल्या झाल्या.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो एकटाच निघाला. तीन महिन्यांच्या प्रवासासाठी सोबत अवघ्या चार किलोंची एक पिशवी होती. थेम्स, म्यूज, ऱ्हाईन, माईन, डॅन्यूबचा वरचा भाग, स्वित्झर्लंडमधील सरोवरे, रॉइस, मोझेल, मार्न आणि शेवटी सीन, अशी सुमारे 1,600 किलोमीटरची ही भ्रमंती होती. गावोगावी लोक ही इवलीशी होडी पाहायला काठावर गर्दी करीत. वाटेत बंधारे आले, खळाळ आले, तेव्हा त्याची पद्धत ठरलेली होती. आधी काठावर उतरायचे, पाण्याचा ओघ कोठे जातो ते पाहायचे आणि मगच होडी घालायची. जेथे धोका वाटेल तेथे अभिमान बाजूला ठेवून होडी उचलून किंवा गाडीवर लादून पुढे न्यायची. रॉइस नदीच्या वेगवान प्रवाहाने त्याची चांगलीच परीक्षा घेतली. परंतु याच सावधपणामुळे तो सुखरूप परतला.

या प्रवासावरील त्याचे पुस्तक 1866 मध्ये प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. त्याचे उत्पन्न त्याने समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविणाऱ्या आणि जहाजफुटीतून वाचलेल्या खलाशांना आधार देणाऱ्या संस्थांना दिले. केंट जहाजावरून वाचलेल्या मुलाने फेडलेले हे ऋणच म्हणावे लागेल. त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने लंडनमध्ये कनू क्लब स्थापन झाला. 1873 मध्ये त्याला राजमान्यता मिळाली. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यानेही 1876 मध्ये अशाच होडीतून बेल्जियम व फ्रान्समधील नद्यांचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिले.

मॅकग्रेगरची भटकंती पुढेही सुरू राहिली. 1866 मध्ये तो नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्कच्या पाण्यात फिरला. 1868 च्या अखेरीस तो इजिप्तमध्ये पोहोचला आणि नाईल व सुएझ कालवा पाहून जॉर्डन नदीकडे वळला. तेथील हुला दलदलीच्या परिसरात स्थानिक अरबांनी त्याला होडीसकट उचलून आपल्या वस्तीवर नेले. शांतपणा आणि हसतमुख वागण्याच्या बळावर त्याने सुटका करून घेतली व दलदलीतील जॉर्डनच्या प्रवाहाची नोंद पूर्ण केली. प्रवासांवरील व्याख्यानांतून मिळालेला पैसाही त्याने सेवाभावी कामांना दिला. 1873 मध्ये त्याचा विवाह झाला. त्याला दोन कन्या होत्या. 16 जुलै 1892 रोजी बोर्नमथजवळील बॉसकम येथे त्याचे निधन झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला अधिकृत स्थान मिळाले.

आपल्या जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे आणि दक्षिणेला मांजरा वाहते. पावसाळ्यानंतर काही आठवडे या नद्यांना पाणी असते, धरणांचे फुगवटे तर त्याहून अधिक काळ टिकतात. तेथे उद्या कोणी हौसेने होडी घालील. त्याने मॅकग्रेगरचे साहस आठवावे, तसाच त्याचा काठावर उतरून पाणी पाहण्याचा नियमही आठवावा. बंधाऱ्याखालचा भोवरा आणि अचानक वाढणारा विसर्ग हौशी माणसाला ओळखत नाही. आणि जे गावकरी आजही नाइलाजाने चप्पूवरून नदी ओलांडतात, त्यांना छंदाच्या होडीपूर्वी पूल आणि अंगात घालायला एक जीवरक्षक जाकीट मिळणे अधिक गरजेचे आहे. पुस्तकाची कमाई बुडणाऱ्यांच्या मदतीसाठी देणाऱ्या या प्रवाशाला हा क्रम निश्चितच पटला असता.