शंभर रुपये, तीन अटी आणि एक कॅमेरा

कर्जमंजुरीच्या पत्रात रकमेला एक ओळ लागते आणि अटींना दीड पान. नोकरीची बरीच वर्षे अशी पत्रे लिहिण्यात गेल्यामुळे असेल, पण आमच्या वर्धा जिल्ह्यात १९३८ च्या सुमारास झालेल्या एका व्यवहाराचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. रक्कम होती शंभर रुपये. देणारे घनश्यामदास बिर्ला. घेणारा विशीतला एक तरुण, कनू गांधी. अटी मात्र पैसे देणाऱ्याच्या नव्हत्या, त्या होत्या महात्मा गांधींच्या. फोटो काढताना फ्लॅश वापरायचा नाही. गांधीजींना फोटोसाठी बसायला, उभे राहायला किंवा इकडे पाहायला सांगायचे नाही. आणि या हौसेपायी आश्रमाच्या तिजोरीतून एक पैसाही मिळायचा नाही.

कोणत्याही नवशिक्याने कॅमेरा खाली ठेवावा अशाच या अटी होत्या. कनूभाईंनी तो खाली ठेवला नाही. त्यानंतरची दहा वर्षे ते गांधीजींचे फोटो काढत राहिले. त्यातले कितीतरी फोटो आपण पाहिलेले असतात, पण खाली नाव नसल्याने ते कोणी काढले हे आपल्याला ठाऊक नसते.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. जुहूच्या वाळूत गांधीजींच्या काठीचे टोक धरून पुढे धावणारा मुलगा आपल्याला आठवतो. त्याचेही नाव कनूच. पण तो गांधीजींचा नातू, रामदास गांधींचा मुलगा. १९३७ सालच्या त्या फोटोत दिसणारा कनू वेगळा आणि सेवाग्रामात फोटो काढणारा कनू वेगळा. आपले कनूभाई हे नारणदास गांधींचे चिरंजीव. नारणदास हे गांधीजींचे चुलतपुतणे. दांडीयात्रेच्या काळात साबरमती आश्रमाचा कारभार त्यांच्याकडे होता. कनूभाईंचा जन्म १९१७ चा. आश्रमाची शिस्त त्यांच्या अंगात लहानपणीच मुरलेली होती. पुढे ते गांधीजींच्या कार्यालयात आले. पत्रव्यवहार, हिशेब, लिहिण्याची कामे आणि प्रार्थनेतले भजन हे सारे त्यांच्या वाट्याला आले. कॅमेरा या सगळ्या कामांतून उरलेल्या वेळातला. म्हणजे शब्दशः छंदच.

हा छंद त्यांनी धरावा असे ज्यांना वाटले, त्यांत विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे होते. फोटोग्राफीच्या इतिहासात भावे कुटुंबाचे नाव येईल असे कोणाला वाटणार नाही, पण ते येते. गांधीजींकडे कॅमेऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा पैसे नाहीत असे सरळ उत्तर मिळाले. मग बिर्लाजींचे शंभर रुपये आले. त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा एक रोल घेतला गेला.

केळझर हे आमचे गाव नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला येणारे भाविक असतात, तसे अलीकडे बोरच्या जंगलाकडे निघालेले हौशी छायाचित्रकारही दिसतात. २०१४ साली बोर हा व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून त्यांचा राबता वाढला. गळ्यात हातभर लांबीची लेन्स आणि चेहऱ्यावर दोन प्रकारचे भाव. जाताना उत्साह आणि येताना खिन्नता. वाघ दिसला नाही, दिसला तर झुडपाआड होता, झुडपाबाहेर आला तर फोटो हलला. पुढच्या खेपेला याहून महागडी लेन्स घ्यायची, असा निश्चय चहाच्या टपरीवर होतो. मग ती लेन्सही वर्षभरात कपाटात जाते. फोटोग्राफी शिकू लागलेल्या बहुतेकांची ही कथा आहे. पहिल्या पन्नास-शंभर फोटोंत डोळ्यांनी पाहिलेले काहीच उतरत नाही आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

कनूभाईंची अडचण किती मोठी होती हे समजण्यासाठी सेवाग्रामला जाऊन बापूकुटीत पाच मिनिटे उभे राहावे. मातीच्या भिंती, बांबूचे छत, वर कवेलू. बाहेर वैशाखाचे पांढरे ऊन आणि आत थंड काळोख. त्या काळची फिल्म आजच्या मानाने फार मंद होती. इतक्या कमी उजेडात फोटो घ्यायचा तर शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात काढणाऱ्याचा हात हलला किंवा समोरच्याची मान वळली की आकृती पुसट झालीच. त्यात गांधीजींचे पांढरेशुभ्र धोतर आणि सावळी कांती. धोतरासाठी उजेड मोजावा तर चेहरा काळा पडतो आणि चेहऱ्यासाठी मोजावा तर धोतराचा नुसता पांढरा डाग उरतो. फ्लॅशने हा प्रश्न क्षणात सुटला असता, पण तो दरवाजा पहिल्याच अटीने बंद केला होता.

रोलीफ्लेक्सचीही एक खोड आहे. त्याला एकाखाली एक असे दोन डोळे असतात. वरच्या डोळ्यातले दृश्य आडव्या काचेवर दिसते आणि ते मान खाली घालून, पोटापाशी धरलेल्या कॅमेऱ्यात पाहायचे असते. त्या काचेवर उजवे ते डावे आणि डावे ते उजवे होते. माणूस उजवीकडे चालला तर काचेवर तो डावीकडे सरकतो. त्याच्यामागे कॅमेरा फिरवू पाहणाऱ्याचा हात हमखास उलट्या दिशेला जातो. आणि इथे समोर कोण, तर सकाळ-संध्याकाळ झपाझप फिरायला निघणारे गांधीजी. बरे, एका रोलवर फोटो फक्त बारा. तेराव्यासाठी नवा रोल, म्हणजे पुन्हा पैसे. फिल्म धुऊन येईपर्यंत आपले काय चुकले तेही कळायचे नाही.

नाणावलेल्या लोकांनाही गांधीजींपुढे घाम फुटत असे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही विख्यात अमेरिकन छायाचित्रकार पुण्यात चरख्यासह त्यांचा फोटो काढायला आली. आधी तिला सूत कातायला शिकावे लागले. मग फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची सवलत मिळाली. पहिले दोन फोटो हातचे गेले आणि तिसरा साधला. पुढे तिचा चरख्याचा फोटो जगभर पोचला. पण ती पाहुणी होती. तिच्याकडे तीन बल्ब होते, कनूभाईंकडे एकही नव्हता.

मग त्यांनी काय केले? मला वाटते, अटींनी जे काढून घेतले त्याच्या बदल्यात जे उरले होते तेवढ्यावर त्यांनी संसार उभा केला. उजेड विकत घेता येत नव्हता, तेव्हा तो कुठे आणि केव्हा असतो हे पाहणे आले. कुटीच्या कोणत्या दारातून सकाळी कवडसा येतो, कोणत्या खिडकीपाशी दुपारी लिहिणे चालते, हे तिथे रोज वावरणाऱ्यालाच कळणार. गांधीजींना थांबवता येत नव्हते, तेव्हा ते आपणहून केव्हा थांबतात हे ओळखणे आले. कोणी बोलू लागले की मान कशी कलते, वाचताना चष्मा कुठे येतो, हसू फुटायच्या आधी ओठांचे काय होते. या गोष्टी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात नसतात. पत्रे लिहिता लिहिता, हिशेब मांडता मांडता त्या नजरेत भरतात. कार्यालयातली ती नोकरीच कनूभाईंच्या कलेची शाळा ठरली.

खोड वाटणाऱ्या रोलीफ्लेक्सचाही उपयोग झाला असावा. तो डोळ्याला लावून कोणावर रोखावा लागत नाही. तो वापरणारा मान लववून उभा असतो. ज्याचा फोटो निघतो त्याला आपल्यावर नेम धरला आहे असे वाटत नाही.

त्यांचे फोटो पाहिले की हे पटते. सेवाग्रामच्या कुटीत टेलिफोन कानाला लावलेले गांधीजी. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कुष्ठरोगाचे जंतू पाहणारे गांधीजी. ज्यांना लोक दूर लोटत होते, त्या कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी. मुंबईत बिर्ला भवनात वजनकाट्यावर उभे राहिलेले गांधीजी. आगगाडीच्या खिडकीतून हरिजन फंडासाठी हात पसरणारे गांधीजी. १९४० साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांसमवेत बसलेले गांधीजी. कित्येक फोटोंत ते पाठमोरे आहेत, काहींत आकृती हललेली आहे. स्टुडिओवाल्याने असे फोटो टाकून दिले असते. पण त्या हलण्यातच एक माणूस चालतो, वाकतो, घाईत असतो. आश्रमाचा पैसा नव्हता, म्हणून वर्तमानपत्रांना फोटो देऊन कनूभाईंनी रोलचा खर्च भागवला. तिसरी अटही अशी निभावली.

फोटोग्राफीत सर्वांत अवघड धडा कोणता, हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी पुण्याच्या आगाखान पॅलेसकडे बोट दाखवीन. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा तिथे बंदिवासात अखेरच्या दुखण्यात होत्या. शुश्रूषेसाठी कनूभाईंना तिथे राहण्याची परवानगी मिळाली होती. २२ फेब्रुवारीला बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्या घडीचा फोटो घेण्यास गांधीजींनी मनाई केली. कॅमेरा होता, हात सरावलेला होता, समोर एक युग संपत होते, आणि कनूभाईंनी बटण दाबले नाही. नंतर बांच्या पार्थिवाजवळ बसलेल्या गांधीजींचे फोटो त्यांनी घेतले. ते पाहताना न घेतलेला फोटो आपल्याला जाणवत राहतो. सहा वर्षांपूर्वी मान्य केलेल्या अटींचा खरा कस तिथे लागला.

दुसरा न निघालेला फोटो दिल्लीतला. ३० जानेवारी १९४८ ला प्रार्थनेच्या वाटेवर गांधीजींच्या आधाराला मनू आणि आभा या दोन मुली होत्या. आभा या कनूभाईंच्या पत्नी. कनूभाई स्वतः मात्र तेव्हा दूर नौखालीत होते. १९४६ च्या दंगलीनंतर गांधीजींनी आपले सहकारी तिथल्या खेड्यांत पाठवले होते, त्यांतले ते एक. दहा वर्षे सावलीसारखा वावरलेला छायाचित्रकार शेवटच्या दिवशी शेजारी नव्हता, कारण त्याला नेमून दिलेले काम फोटोचे नव्हतेच.

पुढे हे दांपत्य राजकोटजवळच्या त्रंबा गावी कस्तुरबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या कामात राहिले. १९३९ च्या राजकोट सत्याग्रहात कस्तुरबांना त्या गावी स्थानबद्ध केले होते. फेब्रुवारी १९८६ मध्ये कनूभाई वारले. त्यांच्या फोटोंचा संग्रह जगापुढे आणण्यात जर्मन अभ्यासक पीटर रूहे यांचा मोठा वाटा आहे. २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांच्या निवडक फोटोंचे देखणे पुस्तक काढले. म्हणजे छायाचित्रकार म्हणून पुरता मान मिळायला मरणानंतर जवळजवळ तीस वर्षे जावी लागली.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि रोलचा खर्च शून्यावर आला आहे. तरीही नव्या माणसाचा हिरमोड थांबलेला नाही. अशा कोणाला माझे सांगणे एवढेच, की नवी लेन्स घेण्याआधी महिनाभर कनूभाईंच्या अटी पाळून पाहाव्यात. फ्लॅश बंद. कोणालाही हसा, बसा, इकडे बघा असे म्हणायचे नाही. वरचा खर्च नाही. दिवसाला बाराच फोटो. विषयासाठी जंगलात जायची गरज नाही. निवडताना, वर्षातले सगळे ऋतू आपण ज्याच्याजवळ असतो, असा एखादा माणूस निवडावा. भाकरी थापणारी आई चालेल, अंगणात पेपर वाचणारे आजोबा चालतील. पहिले फोटो हलतील, काळे पडतील. पण महिन्याअखेरीस, आजोबा पान उलटण्यापूर्वी चष्मा वर सरकवतात, हे तरी नक्की दिसू लागेल.