अहिल्याबाईंची दिनचर्या

नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर हे गाव आहे. तेथील होळकरांच्या वाड्यात रोज दुपारी दोन वाजता अहिल्याबाई दरबारात येऊन बसत. अंगावर साधे पांढरे वस्त्र असे. मग सायंकाळी सहा वाजेपर्यंत जो कोणी गाऱ्हाणे घेऊन येई, त्याला त्यांच्यासमोर उभे राहता येत असे. मग तो सावकार असो, वा बांधाच्या तंट्याने गांजलेला गरीब शेतकरी असो.

अहिल्याबाईंचा जन्म इ. स. १७२५ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांची सून होऊन त्या माळव्यात गेल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले. मल्हाररावांनी आपल्या या सुनेची योग्यता केव्हाच ओळखली होती. स्वतः मोहिमेवर असताना तोफा, दारूगोळा व रसद यांची कामे ते पत्राने तिच्यावर सोपवीत. १७६६ साली तेही गेले आणि १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा एकुलता एक पुत्र मालेराव मरण पावला. आता दत्तक पुत्र घेऊन सर्व कारभार आपल्या हाती द्यावा, असे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड सुचवू लागला व राघोबादादाही त्याला अनुकूल झाले.

स्त्रीच्या हाती दौलत असणे ही गोष्ट मराठी राज्यात अगदीच अपूर्व नव्हती. पुणे जिल्ह्याच्या मावळात, वराळे गावाशेजारच्या तळेगावच्या दाभाडे घराण्यात, पुत्र त्रिंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत पडल्यावर उमाबाईंनी सेनापतिपदाची जबाबदारी उचलली होती. अहिल्याबाईंनीही दिवाणाचे म्हणणे धुडकावून लावले आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला.

परंतु दौलत हाती आली, तरी दिवसाचे तास काही वाढत नाहीत. होळकरांची फौज हिंदुस्थानभर फिरे. तिची व्यवस्था पाहावी, तर रयतेकडे कोणी पाहावे? अहिल्याबाईंनी फौजेचे काम मल्हाररावांच्या हाताखाली तयार झालेल्या तुकोजी होळकरांकडे सोपविले आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. गोविंदपंत गानू यांच्यासारखा कारभारी त्यांनी बहुतेक अखेरपर्यंत पदावर ठेवला. इंदूरचा कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ तेथेच होता. माणूस पारखून नेमल्यावर त्याला वारंवार हलवावयाचे नाही, हा त्यांचा परिपाठ होता.

त्यांचा दिवस सूर्योदयापूर्वी सुमारे तासभर सुरू होई. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि भोजन झाल्यावर थोडी विश्रांती घेऊन त्या दरबारात जात. तंटे पंचांकडे किंवा कारभाऱ्यांकडे सोपविण्याची सोय होतीच. तथापि ज्याचे समाधान होत नसे, त्याला बाईंकडे येण्याची मुभा असे.

या मुभेचे मोल सिरोंजच्या एका विधवेला कळले. तिचा सावकार पती निपुत्रिक वारला होता. तीन लाख रुपये दिले नाहीत, तर सारी संपत्ती सरकारजमा होईल, अशी धमकी तेथील अंमलदाराने घातली. तिने एक मुलगा दत्तक घेतला आणि तक्रार महेश्वरी आणली. अहिल्याबाईंनी दत्तक मंजूर केला, अंमलदाराला कामावरून दूर केले आणि नजराण्याचे नावही काढू दिले नाही. त्यांनी त्या मुलाला मांडीवर बसविले, वस्त्रे, दागिने व पालखी देऊन घरी पाठविले. महेश्वरचा दरवाजा बंद असता, तर त्या अंमलदाराचीच मात्रा चालली असती.

असे असले, तरी दप्तर काही थांबत नव्हते. परगण्यांचे हिशेब येत. पुणे, हैदराबाद, नागपूर, लखनौ, कलकत्ता येथील वकिलांची पत्रे येत. एवढे सारे चार तासांत कसे उरकावे! म्हणून सायंकाळची पूजा व अल्पाहार आटोपल्यावर रात्री नऊ वाजता काम पुन्हा सुरू होई, ते अकरापर्यंत चाले.

तुकोजींशी केलेली वाटणी मात्र नेहमीच सुखाची ठरली नाही. ते एकदा तर बारा वर्षे दक्षिणेत होते आणि उत्तरेकडील वसुलाचे ओझेही बाईंवरच पडले. फौजेच्या खर्चावरून व हिशेबावरून दोघांत खटके उडत. तरीही बाईंनी फौज परत आपल्याकडे घेतली नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंचे महेश्वर येथे निधन झाले. पुढे जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात आला. जुन्या माणसांना विचारून त्याने अहिल्याबाईंची माहिती मिळविली व १८२३ साली ती ग्रंथात प्रसिद्ध केली. बाई कोणत्या वेळी दरबारात येत आणि केव्हा उठत, हे त्या माणसांना इतक्या वर्षांनंतरही आठवत होते.