मक्याचा अभ्यास करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक



आपल्या धडगाव भागात मका कोणाला माहीत नाही? घरोघरी मक्याची भाकर होते. याच मक्याचा जन्मभर अभ्यास करून एका बाईंनी नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांचे चरित्र मी थोडक्यात सांगते.

बार्बराचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड या गावी झाला. वडील डॉक्टर होते. बार्बराला शास्त्र शिकायची फार हौस. पण आईला वाटे, पोरगी जास्त शिकली तर तिचं लग्न जमायचं नाही. म्हणून आई कॉलेजला नको म्हणायची. पहिल्या महायुद्धावरून वडील परत आले. त्यांनी मुलीची बाजू घेतली आणि १९१९ साली ती कॉर्नेल विद्यापीठाच्या शेतकी कॉलेजात दाखल झाली. १९२७ साली तिने डॉक्टरेट मिळवली.

बार्बराबाई स्वतः मका पेरीत, त्याची निगा राखीत आणि त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पेशीत गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण त्यांच्यातून मुलांत येतात. मक्याच्या पेशीत २० आणि माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात.

बाईंना एक गंमत दिसली. गुणसूत्र मधेच तुटले, की तुटकी टोके एकमेकांना चिकटतात. पेशीचे दोन भाग होताना ओढाताण होते आणि ती पुन्हा तुटतात. असा घोळ चालूच राहतो. पण गुणसूत्राचे मूळचे टोक मात्र कशालाच चिकटत नाही. म्हणजे तिथे काहीतरी राखण आहे! दोरीच्या टोकाला गाठ नसेल तर पीळ सुटतो ना, तसेच हे. हर्मन म्युलर या शास्त्रज्ञाला माश्यांच्या अभ्यासात हेच दिसले. त्याने १९३८ मध्ये या टोकाला टेलोमिअर असे नाव दिले.

बाईंना आणखी एक गोष्ट आढळली. दाण्याच्या पिठाच्या भागात तुटकी टोके चिकटतच राहिली, पण कोंबात ती बरी झाली. असे का, याचा उलगडा पुढे झाला. दर वेळी पेशी दुभागताना टेलोमिअर थोडे झिजते. टेलोमरेज नावाचे द्रव्य ही झीज भरून काढते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर या दोघींनी डबक्यातल्या एका बारीक जीवात ते शोधले आणि १९८५ साली जाहीर केले. या विषयावरच्या कामासाठी त्यांना आणि जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल मिळाले.

मक्याच्या कणसात ठिपक्यांचे दाणे का येतात, हेही बाईंनी शोधले. गुणसूत्रातले काही भाग आपली जागा बदलतात, असे त्यांनी १९५१ साली शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले. पुष्कळांना ते पटले नाही. पण बाईंनी मक्याचं काम सोडलं नाही. शेवटी त्याच शोधाबद्दल १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळाले. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या.

मला या चरित्रात बाईंचे वडील फार आवडले. आईला वाटायची ती भीती आपल्याकडेही आहे. तेव्हा पालकहो, सातवीनंतर मुलीचं शिक्षण थांबवायचा विचार मनात आला, तर त्या वडिलांची आठवण ठेवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी